कोतवालाने जमा केलेला कागद

मंगरूळकर मॅडमच्या केबिनचं दार मी कोपराने ढकललं, कारण दोन्ही हातांत चहाचा ट्रे होता. टेबलासमोर माझे वडील उभे होते.

डोक्याला पटका, अंगात खाकी सदरा, छातीवर कोतवालाचा पितळी बिल्ला आणि पायात काहीच नाही. वहाणा त्यांनी केबिनबाहेर काढल्या होत्या. मी त्या ओलांडूनच आत आलो होतो आणि ओळखल्या नव्हत्या. मॅडमच्या हातात एक जाड कागद होता. त्याच्या खालच्या कोपऱ्यातला सोनेरी शिक्का मला दारातूनच दिसला.

आबांनी मला पाहिलं आणि त्यांचा चेहरा फुलला. हात माझ्याकडे करून ते म्हणाले, "ह्यो बगा, मॅडम..."

"कोतवाल, एक मिनिट," मॅडमनी त्यांना तिथेच तोडलं. "मी विचारेन तेवढंच सांगा." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "ट्रे ठेवा, खंदारे. आणि इथेच थांबा."

मॅडम शिपायालाही 'तुम्ही' म्हणायच्या. त्यामुळे त्या रागावल्यात की नाही, हे कधी कळायचं नाही. मी ट्रे ठेवला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. माझी नोकरी गेली, एवढं मला कळलं होतं.

त्याचं असं झालं होतं. मी एम.ए. होतो, याच विद्यापीठाचा. निकाल लागल्यावर तीन वर्षं मी शाळा-कॉलेजांच्या मुलाखती दिल्या. कुठे संस्थाचालकाचा भाचा आधीच ठरलेला, कुठे इमारत निधीची गोष्ट निघायची. मग विद्यापीठाची जाहिरात आली. लिपिकाची एकही जागा नव्हती. शिपायाच्या बावीस होत्या. पात्रता चौथी पास, आणि खाली बारीक अक्षरात एक अट, की दहावीच्या पुढे शिकलेल्यांनी अर्ज करू नये. जास्त शिकलेला शिपाई कामाला लाजतो, साहेबाला उलट बोलतो आणि दुसरी नोकरी मिळाली की पळतो, असा विद्यापीठाचा अनुभव होता. विद्यापीठाने लोकांना शिकवायचं आणि शिकलेल्यांना दारात उभं करायचं नाही, यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही तेव्हा वाटलं नाही. बायकोला पाचवा महिना होता. मी दहावीची गुणपत्रिका जोडली, 'यापुढे माझे शिक्षण झालेले नाही, खोटे आढळल्यास मला सेवेतून कमी करावे' अशा हमीपत्रावर सही केली आणि लागलो.

नेमणूक मिळाली ती पदवी प्रमाणपत्र विभागात, मंगरूळकर मॅडमच्या हाताखाली. देवाला विनोद कळतो, असं म्हणायला हरकत नाही.

दोन वर्षं तात्पुरती, मग कायम, असा नियम होता. शिकलेपण लपवायला फार कष्ट पडले नाहीत. भिंतीवरचं परिपत्रक वाचायचं नाही, फाइल कुणाची हे विचारूनच न्यायची, आणि साहेब लोक चुकीचं बोलले तर खिडकीबाहेर बघायचं. आबांना मात्र काय सांगावं, हे सुचेना. ते गावचे कोतवाल. तलाठ्याचं टपाल वाहून, दवंडी पिटून त्यांनी मला सतरावीपर्यंत शिकवलं होतं. मी शिपाई झालो म्हटल्यावर ते नुसते बिल्ला पुसत बसले. ते मला बघवेना. मी म्हणालो, "आबा, मोठा कागद यायचा आहे अजून. तो आला की शिपायाचा क्लार्क करतात." ते म्हणाले, "मंग बरं." पुढे दर खेपेला विचारायचे, "कागद आला का रं?" मी म्हणायचो, "यायचाय."

कागद आला होता. माझ्याच विभागातल्या तिसऱ्या कपाटात होता. पदवीदान समारंभाचा अर्ज मी जाहिरात येण्याआधी भरलेला होता आणि प्रमाणपत्र न्यायला पुढे गेलोच नव्हतो. तसे चार-पाच हजार लोक गेले नव्हते. कपाटं भरली होती. माझी दोन वर्षं संपायला एक महिना राहिला आणि नव्या कुलगुरूंनी फर्मान काढलं, की पडून राहिलेली सगळी प्रमाणपत्रं ज्याच्या त्याच्या कायमच्या पत्त्यावर रजिस्टर टपालाने पाठवा.

आम्ही आठ दिवस पाकिटं भरत होतो. भालेराव क्लार्क नाव वाचून रजिस्टरात टिक करायचे, मी पाकिटाला खळ लावायचो. चौथ्या दिवशी ते थांबले आणि मोठ्याने हसले. "अरे खंदारे, तुझ्या नावाचा एम.ए. सापडला की! तुळशीराम लिंबाजी खंदारे. बापाचं नावसुद्धा तेच!"

"असंल की, साहेब," मी म्हणालो. "नावाला नाव मिळतंच."

"बघ, नावात काही नसतं. तो एम.ए. आणि तू खळ लावतोस."

सगळे हसले, मीही हसलो. केबिनचं दार उघडं होतं. मॅडमनी मान वर केली नाही.

ते पाकीट मी खिशात घालू शकलो असतो. पण रजिस्टरात एक प्रमाणपत्र कमी भरलं तर चौकशी लागली असती आणि नाव निघालं असतं माझंच. शिवाय विचार केला, की गावच्या घराइतकी सुरक्षित जागा दुसरी कुठली? बी.ए.चं प्रमाणपत्र तिथेच लोखंडी पेटीत होतं, कडुनिंबाचा पाला घालून ठेवलेलं. हेही तिथे जाईल. म्हणून मी स्वतःच्या हाताने खळ लावली, स्वतःच्या नावाचं पाकीट पोत्यात टाकलं आणि संध्याकाळी घरी पोस्टकार्ड लिहिलं, की एक पाकीट येईल, फोडू नका, पेटीत ठेवा, मी येईपर्यंत कुणाला बोलू नका.

रजिस्टर पाकीट आधी पोचलं आणि पोस्टकार्ड नंतर. आबांनी पाकीट तलाठ्याकडून वाचून घेतलं. तलाठी म्हणाला, "कोतवाल, मोठा कागद आला तुमच्या पोराचा." मुक्कामी गाडी पहाटे सुटते, तीत बसून आबा निघाले. कोतवालाचा नियम असा, की सरकारी टपाल वाटेत कुणाला दाखवायचं नाही, कुणाच्या हाती द्यायचं नाही, नेमक्या साहेबाच्या हातात ठेवायचं आणि वहीत पोच घ्यायची. तीस वर्षं त्यांनी हेच केलं होतं. म्हणून मला शोधत बसायच्या ऐवजी ते थेट मॅडमच्या समोर जाऊन उभे राहिले.

मी कायम होण्याचा प्रस्ताव त्याच टेबलावर, मॅडमच्या डाव्या हाताला, सहीसाठी पडलेला होता.

"कोतवाल," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही सरकारी माणूस आहात, म्हणून नीट ऐका आणि मग बोला. या नावाचे एक शिपाई आमच्याकडे आहेत. त्यांनी लिहून दिलंय, की ते दहावीच्या पुढे शिकलेले नाहीत. हा कागद त्यांचा निघाला, तर त्यांनी खोटं लिहून दिलं असं ठरेल. तसं ठरलं तर मला त्यांना आजच्या आज घरी पाठवावं लागेल. त्यात माझा इलाज नाही. कळलं?"

आबांचा हात अजून अर्धवट माझ्याकडे केलेला होता. तो त्यांनी हळूच खाली घेतला आणि सदऱ्याच्या खिशावर ठेवला.

"आता सांगा. या कागदावर ज्याचं नाव आहे, तो तुमचा कोण?"

"लेक."

"तो कुठे असतो?"

पंखा चालू होता. टेबलावरचे कागद काचेच्या पेपरवेटखाली फडफडत होते. मी आबांकडे बघत होतो आणि ते मॅडमच्या मागच्या कॅलेंडरकडे.

"त्यो नाई आता," ते म्हणाले.

"नाही म्हणजे?"

"गेला."

मॅडमनी पेन उचललं होतं, ते तसंच धरून ठेवलं. "कधी?"

"दोन वरसं झाले."

"आजारी होता?"

"नाई. चांगला होता. शिकलेला होता. येकदम गेला."

मी तोंड उघडलं असतं, तर काय बोललो असतो कुणास ठाऊक. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, फक्त एकदाच. मी गप्प राहिलो. हे मी गेली चाळीस वर्षं स्वतःला सांगतो आहे, की तेव्हा बोलण्यात शहाणपण नव्हतं. नव्हतंच. तरी मी गप्प राहिलो, हे खरं आहे.

"मग हा कागद एवढ्या लांब कशाला आणलात?" मॅडमनी विचारलं.

"सरकारी कागद हाय, मॅडम. घ्येनारा नाई म्हनल्यावर जिथला तिथं जमा कराया पायजे. घरात ठिवून कसं चालंल?"

"बरोबर," मॅडम म्हणाल्या. त्यांनी ते मोठं रजिस्टर ओढलं, माझ्या नावाची ओळ शोधली आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं. लिहिताना मोठ्याने उच्चारलं, "पदवीधारक मयत. वडिलांनी समक्ष येऊन प्रमाणपत्र जमा केले. इथे सही करता, की अंगठा?"

"सही येती," आबा म्हणाले.

ती सही त्यांना मी शिकवली होती. मी चौथीत होतो. अंगठा लावणाऱ्या कोतवालाला तहसीलदार हिणवतो म्हणून, महिनाभर चुलीपुढच्या राखेत बोटाने गिरवून घेतली होती. तेवढी चार-पाच अक्षरंच त्यांना लिहिता यायची. रकाना अरुंद होता. शेवटची अक्षरं ओळीत मावली नाहीत, ती खाली घसरली. सही करताना त्यांच्या पटक्याचं टोक रजिस्टरावर लोंबत होतं आणि ते त्यांनी दोनदा मागे टाकलं.

मग त्यांनी खिशातून स्वतःची वही काढली. "पोच द्या, मॅडम."

मॅडमनी वहीत पोच लिहिली, सही केली, शिक्का मारला. "चहा घेऊन जा," त्या म्हणाल्या. "खंदारे, यांना चहा द्या."

मी कपबशी पुढे केली. आबांनी ती दोन्ही हातांनी घेतली, जशी ते कुठल्याही कचेरीत कुणाहीकडून घेत. माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही. उभ्याने चहा प्यायले, रिकामी कपबशी परत दिली आणि म्हणाले, "लई उपकार झाले, साहेब."

ते मला म्हणाले होते.

जेवणाची सुट्टी झाली आणि मी सायकल काढून एस.टी. स्टँड गाठलं. आबा आमच्या गाडीच्या फलाटावर, खांबाला टेकून बसले होते. मी जवळ गेलो तसे ते पुटपुटले, "तिकडं सरक. कुनी वळखीचं बगंल."

मी खांबाच्या दुसऱ्या बाजूला उभा राहिलो. त्यांना मी दिसत नव्हतो, मला ते.

"आबा, असं का म्हणालात?"

"मंग काय म्हनू?"

"मेला कशाला म्हणायचं? गावाकडे असतो म्हणायचं."

"गावाकडं असता तर कागद गावातच ऱ्हायला असता. आनला कामून, असं बाईनं इचारलं असतं." मग म्हणाले, "म्या बी इचार केला रं. दुसरं काई घावलंच नाई."

गाडी लागायची होती. शेंगदाणे विकणारा येऊन गेला.

"आबा, माझं चुकलं."

"चुकलंच. क्लार्कच्या खुर्चीचं खोटं सांगायला नगं व्हतं तू. शिपाई हायेस तर शिपाई म्हन. म्या काय हाय? म्या कोतवाल हाय. म्या कवा लाजलो का?" मग त्यांचा आवाज खाली आला. "काल समद्या गावाला गूळ वाटला म्या."

मला रडू आलं. सरळ सांगतो, भर स्टँडवर, शिपायाच्या गणवेशात मी रडलो. ते बघायला आबा खांबाला वळसा घालून आले नाहीत.

"आता गावात काय सांगाल?"

"सांगंन, साह्यबाच्या हाती जमा करून आलो. पोच हाय की." त्यांनी वहीवर थाप मारल्याचा आवाज आला. "वाचता कुनाला येती? तलाठी आप्पा काई बोलायचा नाई, शाना मानूस हाय. पर तुज्या मायला ह्यातलं सांगू नगं. ती ऊर बडवून घिईल."

"नाही सांगणार."

गाडी आली. लोक दाराशी धावले. आबा सावकाश उठले, खांबाच्या पलीकडूनच बोलले.

"आन् मनाला लावून घिऊ नगं. जित्या मानसाला मेला म्हनलं की त्याचं आयुष्य वाढतंय."

ते खिडकीत बसेपर्यंत मी थांबलो. गाडी वळली तेव्हा त्यांनी हात केला नाही, मात्र मान एकदा हलवली.

मी ऑफिसात अर्धा तास उशिरा पोचलो. भालेराव काही बोलणार होते, तेवढ्यात आतून घंटी वाजली. मॅडम सह्या करत होत्या.

"खंदारे, जेवायला गेला होतात?"

"हो, मॅडम."

त्यांनी एक फाइल मिटून माझ्याकडे सरकवली. "ही आस्थापना विभागात देऊन या. तुमचीच आहे." मी दारापर्यंत गेलो, तेव्हा मागून म्हणाल्या, "गाडी मिळाली का त्यांना?"

मी वळलो. त्या पुढच्या कागदावर सही करत होत्या.

"मिळाली, मॅडम."

"बसायला जागा?"

"खिडकीची मिळाली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या बारा वर्षं त्या विभागात होत्या. या विषयावर त्यांनी पुन्हा एक अक्षर काढलं नाही, ना मी. त्यांनी केलं ते नियमात बसत नव्हतं आणि लिहिलं मात्र पूर्ण नियमात होतं. तसं काम करणारी माणसं मी नंतर फार पाहिली नाहीत.

मी कायम झालो. पुढे शिक्षणाची ती अट उठली आणि पदवीधर शिपायांना लिपिक करायची योजना मध्ये दोनदा आली. दोन्ही वेळा माझ्यामागून लागलेली पोरं खुर्चीत बसली आणि मला 'खंदारे, पाणी' म्हणू लागली. मी पाणी दिलं. पुढे मी नाईक झालो, शेवटी दप्तरी. तेव्हा कपाटांच्या किल्ल्या माझ्याच कमरेला आल्या, पण ते रजिस्टर मी कधी उघडलं नाही. आबांनीही 'कागद आला का' हे पुन्हा विचारलं नाही. ते गेले त्यालाही आता पंचवीस वर्षं होतील.

परवा पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यायला विद्यापीठात गेलो होतो. दर नोव्हेंबरला जावं लागतं. दाखला दिला आणि सहज शेजारच्या इमारतीत गेलो. आता मला कोण काढणार होतं? मुलांची लग्नं झाली आहेत, नात कॉलेजात आहे. पदवी विभागाच्या खिडकीवर अर्ज भरला. खिडकीत एक तरुण बाई होती, तिला पेन्शनचा हयातीचा दाखला देऊन आल्याचंही बोलता बोलता सांगितलं. तिने संगणकात पाहिलं, कपाळाला आठी घातली, आत गेली आणि ते जुनं रजिस्टर घेऊन आली.

"काका, हे तुमचंच नाव ना? इथे तुम्हाला मयत दाखवलंय."

"हो."

"असं कसं? कुणी लिहिलं हे?" ती हसायला लागली, मग माझ्याकडे बघून थांबली. "सॉरी काका. पण होऊन जाईल तुमचं. आत्ता पेन्शनला दिलात ना हयातीचा दाखला, त्याचीच झेरॉक्स द्या. मी ही ओळ खोडते, साहेबांची सही घेते, आणि आतल्या कपाटातून प्रमाणपत्र काढून देते. आजच मिळेल."

"बघू जरा," मी म्हणालो.

तिने रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मॅडमचं टपोरं अक्षर तसंच होतं. त्याखाली आबांची सही. शेवटची अक्षरं ओळीबाहेर घसरलेली.

"कुठली ओळ खोडाल?" मी विचारलं.

"ही अख्खी. शेरा आणि खालची सही." तिने पट्टी ठेवली, लाल पेन घेतलं.

"राहू द्या," मी म्हणालो.

"अहो, पण काका, मग प्रमाणपत्र नाही मिळायचं. तुम्ही कायमचे मयतच राहाल."

"राहू द्या तसंच. अर्ज तेवढा परत द्या."

तिने अर्ज परत दिला. मी तो चार घड्या घालून खिशात ठेवला आणि बसस्टॉपपर्यंत चालत गेलो. मी आता अडुसष्ट वर्षांचा आहे. गुडघे सोडले तर तब्येतीची काही तक्रार नाही.